पंचाहत्तर विरुद्ध नव्वद

माझ्या साडूला मी नव्वद म्हणतो आणि तो मला पंचाहत्तर म्हणतो. ही आमची वयं नाहीत. ही आमच्या गाड्यांची ताकद आहे.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच शोरूममधून, पांढऱ्या रंगाची एकाच मॉडेलची डिझेल गाडी घेतली. फरक फक्त इंजिनात. म्हणजे इंजिनही तेच, तेराशे सीसीचं, पण कंपनीने ते दोन तऱ्हांनी काढलं होतं. माझं पंचाहत्तर हॉर्सपॉवरचं, साध्या टर्बोचं. त्याचं नव्वदचं. त्याच्या टर्बोमधली पाती वेगाप्रमाणे कलतात, आणि पुढे इंटरकूलर आहे, म्हणजे इंजिनात जाणारी हवा आधी थंड होते. माझी पाती जिथे बसवली तिथेच आहेत. ही पाती आम्ही दोघांनीही कधी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत, पण त्यांच्यावरून जेवताना ताटं बाजूला सारली आहेत.

त्याचं म्हणणं असं की जास्त ताकदीच्या इंजिनाला चढावर धाप लागत नाही, म्हणून ते डिझेल कमी पितं. माझं म्हणणं असं की कमी खाणारा माणूस कमीच खातो, त्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. शोरूमच्या माहितीपत्रकात माझं ॲव्हरेज लिटरला तेवीस पूर्णांक सहा होतं आणि त्याचं एकवीस पूर्णांक आठ. ते पत्रक मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं आहे. आमचा मेकॅनिक म्हणतो की कंपनी गाडी एका बंद खोलीत फिरत्या रोलरवर पळवून हे आकडे काढते, वारा नाही, चढ नाही, बायको नाही, तेव्हा तो आकडा गाडीचा नसतो, खोलीचा असतो. तरी मी ते पत्रक टाकलेलं नाही.

आमचा सामना दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असायचा. एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे. नियम पहिल्याच महिन्यात ठरला होता: गाडी चालवायची आणि डिझेल भरायचं आम्ही, वही आणि भागाकार बायकांकडे. आम्हा दोघांना भागाकाराची भीती. मी जन्मभर घरं रंगवली, साडूचं चष्म्याचं दुकान. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि दोघींचा आकड्यांचा हात पक्का. माझ्या बायकोने पाणीपुरवठ्यात सव्वीस वर्षं मीटरची नोंद ठेवली. मेहुणी शाळेत गणित शिकवायची. तेव्हा हिशेबावर शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता.

बायको वही उघडायची, चष्मा नाकावर घ्यायची आणि म्हणायची, "आमचे बावीस पूर्णांक एक." मग मेहुणी आपल्या वहीतून म्हणायची, "आमचे एकवीस पूर्णांक चार." की मी जिंकलो. त्या दिवशी साडूकडे कारणं तयार असायची. टायरमध्ये हवा कमी होती. एसी लावावा लागला. सासूबाई मागे बसल्या होत्या. पुढच्या वेळी तो जिंकायचा आणि कारणं मी सांगायचो. माझी कारणं खरी असायची. माझ्या टपावर दोन शिड्या आणि मागे रंगाचे वीस-वीस लिटरचे डबे असायचे, त्याच्या मागे चष्म्याच्या काड्या. कोण किती वेळा जिंकलं विचाराल तर दोघंही सांगणार की जास्त वेळा मीच. जिंकलेला महिना लक्षात राहतो, हरलेल्याचं फक्त कारण लक्षात राहतं.

दहा महिन्यांपूर्वी माझी बायको गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली. त्याबद्दल मला नीट लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही. गाडीबद्दल लिहितो.

ती उंचीने कमी. गाडीत तिची सीट पुढे सरकवलेली असायची, अगदी शेवटच्या खाचेत. ती अजून तिथेच आहे. तिथे कुणी बसलं तर गुडघे डॅशबोर्डला टेकतात. साडू एकदा बसला होता, उतरताना त्याला मी ओढून काढला. सीट मागे घे असं तो म्हणाला नाही. माणूस वाईट नाही, फक्त इंजिनाबाबत चुकीचा आहे.

ती गेल्यावर वही माझ्याकडे आली. पहिल्या महिन्यात टाकी भरली, किलोमीटर लिहिले आणि फोनवर भागाकार केला. सतरा आले. परत केला. सतरा. मुलीला फोन करून तिच्याकडून करून घेतला. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर आकडेच बघते. तिचेही सतरा. वहीत शेवटचा आकडा बायकोच्या अक्षरात बावीस पूर्णांक तीन. एका महिन्यात गाडी पाच किलोमीटरने खाली आली होती.

मेकॅनिककडे नेली. त्याने एअर फिल्टर बदलला, चाकं हाताने फिरवून ब्रेक घासतोय का पाहिलं, इंजेक्टर काढून तपासायला पाठवले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डॉक्टरसारखा ऐकत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "काका, गाडी ठणठणीत आहे. तुम्हीच खंगलात."

पुढच्या महिन्यात सतरा. त्याच्या पुढच्या महिन्यातही सतरा.

साडूला मी हे सांगितलं नाही. रविवारी ते दोघं यायचे, मेहुणी आपला आकडा सांगायची, वीस, एकवीस असा काहीतरी, आणि मग मी चष्मा नाकावर घेऊन म्हणायचो, "बावीस पूर्णांक दोन." एकदा म्हणालो बावीस पूर्णांक पाच. लाज वाटायची, पण तिची वही हातात धरून सतरा म्हणवत नव्हतं. असे मी आठ महिने लागोपाठ जिंकलो. साडूने टायर बदलले. मग मागची सीटच काढून ठेवली, वजन कमी व्हावं म्हणून. मेहुणी भाजी घेऊन येताना म्हणे पिशव्या घरंगळत मागे जायच्या.

मुलीला मात्र सतरा माहीत होते, आणि तिने गाडी विकायचा धोशा लावला. तिचं चुकत नव्हतं. पाचाने उतरलेलं इंजिन म्हणजे आतून संपलेलं इंजिन, ते कुठल्यातरी हायवेवर बंद पडणार, आणि आत मी एकटा असणार. तिने गिऱ्हाईकही आणलं, सोमवारी बघायला येणारं. मी म्हणालो, मेकॅनिक ठणठणीत म्हणतो. ती म्हणाली, "तो कानाने सांगतोय, मी आकड्यावरून. आकडा खोटं बोलत नाही, बाबा."

नेमका त्याच आठवड्यात साडूचा फोन आला. त्याच्या आवाजावरूनच कळलं की तो उभ्याने बोलतोय. म्हणाला, आठ महिने सहन केलं, आता समोरासमोर. रविवारी दोन्ही गाड्या, एकच पंप, टाकी काठोकाठ, हायवेवरच्या बोगद्यापर्यंत जाऊन परत, पुन्हा काठोकाठ. एसी बंद, काचा बंद. मुलीने हे ऐकलं आणि तीही उठून बसली. तिने अट घातली की आपण पंच म्हणून माझ्या गाडीत बसणार. बावीस आले तर गाडी राहील, आणि ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही आले तर सोमवारचं गिऱ्हाईक. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो, साडूला मी बावीस पूर्णांक पाच सांगून बसलो होतो.

शनिवारी मी टपावरचा शिड्यांचा सांगाडा उतरवला. मागचे डबे काढले, ब्रशांची पेटी काढली, स्टेपनी काढली. बायकोची छत्री मागच्या काचेशी असायची, ती तिथेच ठेवली. छत्रीने काय होणार.

रविवारी सकाळी पंपावर साडू पातळ बनियनसारखा शर्ट घालून आला होता. जड बूट घरी ठेवून चपलेवर आला होता. मी म्हणालो, "दाढी पण केलीत वाटतं, वजनासाठी." तो म्हणाला, "तुम्ही नाश्ता केला नसेल, पंचाहत्तर, चेहऱ्यावर दिसतंय." नव्हताच केला.

आता काठोकाठ म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. पंपाची तोटी एकदा टक्‌ करून बंद होते तेव्हा टाकी भरलेली नसते. डिझेलला फेस येतो. गाडी हलवली की फेस बसतो आणि अजून थोडं जातं. म्हणून आम्ही दोघं आपापल्या गाडीच्या मागे उभे राहून गाडी गदागदा हलवायला लागलो. तोटी धरणाऱ्या माणसाने विचारलं की आत काही अडकलंय का. साडूने त्याला फेसाचं शास्त्र सांगितलं. तो माणूस ऐकून घेत होता आणि मागे सात गाड्यांची रांग हॉर्न वाजवत होती.

मुलगी माझ्या मागच्या सीटवर बसली. पुढची सीट सरकवू का असं तिने विचारलं नाही, तिला माहीत आहे. मेहुणी साडूच्या शेजारी बसली, मांडीवर वही आणि पर्स. बसायला दुसरी जागाच नव्हती, मागची सीट घरी होती.

हायवेला लागल्यावर मी साठ धरले. साडूने अठ्ठावन्न धरले. मी छप्पन्न केले. मुलगी म्हणाली की आपल्याला आत्ता एका सायकलवाल्याने मागे टाकलं. तेवढ्यात पुढे एक मोठा बंद ट्रक दिसला. ट्रकच्या मागे वारा लागत नाही, तिथे गाडी निम्म्या डिझेलवर चालते, हे मला ठाऊक होतं. दुर्दैवाने साडूलाही ठाऊक होतं. ट्रकच्या मागे एकाच गाडीपुरती सावली असते. ती आधी मी धरली. मग तो बाजूने येऊन आत घुसला. मग मी घुसलो. ट्रकवाल्याने वेग वाढवला की आम्ही वाढवायचो, कमी केला की कमी करायचो. दहा-बारा किलोमीटर असं झाल्यावर ट्रक कडेला थांबला. आम्हीही थांबलो, कारण दोघांपैकी एकालाही सावली सोडायची नव्हती. ट्रकवाला हातात पाना घेऊन उतरला आणि मागे चालत आला.

"काय पाहिजे?" त्याने विचारलं.

साडूने काच खाली केली नाही, कारण काचा बंद असा नियम होता. आतूनच त्याने हातवारे करून वाऱ्याचा विरोध समजावला. ट्रकवाला पाना धरून काचेतून बघत राहिला. शेवटी माझी मुलगी उतरली आणि म्हणाली, "काका, माफ करा, हे माझे वडील आहेत आणि ते माझे काका आहेत." यातून त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने मान हलवली आणि माझ्या मुलीकडे फार दयेने बघितलं. पुढे बोगद्यापर्यंत आम्ही ट्रकशिवाय गेलो आणि ट्रकशिवायच आलो.

पंपावर परत आलो तेव्हा दोन्ही मीटरवर दोनशे बारा किलोमीटर. आधी माझी टाकी भरली. बारा पूर्णांक चार लिटर. मुलीने फोनवर भागाकार केला आणि हळू आवाजात सांगितलं, "सतरा पूर्णांक एक, बाबा."

साडूने ते ऐकलं. चेष्टा करायची सोडून त्याने माझ्या गाडीखाली गळती आहे का ते वाकून पाहिलं. मग त्याची टाकी भरायला घेतली. तो चष्मा काढून खिशात ठेवून मागे गाडी हलवत होता. मी मशीनजवळ उभा होतो. करायला काही नव्हतं म्हणून मशीनकडे बघत होतो. आकडे चढत गेले आणि बारा पूर्णांक तीनवर थांबले. पावती मेहुणीने घेतली, पर्समध्ये ठेवली, वहीत काहीतरी मांडलं आणि सांगितलं, "एकवीस पूर्णांक आठ."

साडू मागून धावत पुढे आला. माहितीपत्रकातला आकडा, बरोब्बर. त्याने चष्मा लावला, काढला, परत लावला. मुलगी मला म्हणाली की आता तरी मान्य करा. गाडी तीच, वर्ष तेच, रस्ता तोच, काकांची एकवीसच्या वर देते आणि आपली सतरा, म्हणजे आपली संपली. उद्या सकाळी दहाला माणूस येईल.

मी मान डोलावली. पण माझ्या डोक्यात बारा पूर्णांक तीन अडकून बसला होता. मला भागाकार येत नाही, पण एवढं कळतं की बारा पूर्णांक चारला सतरा येत असतील तर बारा पूर्णांक तीनला एकवीस येणार नाहीत. गणिताच्या बाईंचा भागाकार चुकला होता. हे मला गाडी संपल्यापेक्षा जास्त अवघड वाटत होतं.

साडू टायरमध्ये हवा भरून घ्यायला गेला. मेहुणी कडेच्या नळावर हात धूत होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "अगं, तुझा भागाकार चुकला. मी मशीन बघितलंय."

ती हात धूतच राहिली. मग नळ बंद करून म्हणाली, "चुकला नाही, भावजी. या महिन्यात यांचा नंबर होता."

मला काही कळलं नाही. तेव्हा तिने सांगितलं, पदराला हात पुसत, शाळेत सांगत असेल तसं. गाड्या घेतल्या त्या पहिल्या महिन्यात दोघींनी आपापला भागाकार केला. दोन्ही गाड्यांचे सतरा आले. इकडे मी माहितीपत्रक घेऊन शोरूममध्ये भांडायला निघालो होतो, तिकडे साडू दोन दिवस जेवला नव्हता. दोघी फोनवर बोलल्या आणि ठरवलं की पहिला भागाकार चुकला म्हणायचं आणि पुढे माहितीपत्रकाच्या आसपासचे आकडे सांगायचे, एका महिन्यात भावजी जिंकतील, एका महिन्यात हे. आदल्या शनिवारी दुपारी ठरायचं. अकरा वर्षं.

"ताई गेल्यावर मला वाटलं, तिने तुम्हाला सांगून ठेवलंय. कारण तुम्ही बावीस म्हणायला लागलात," ती म्हणाली. "पण मग तुम्ही लागोपाठ आठ महिने जिंकलात. ताईने असं कधी केलं नसतं. आमची मागची सीट गेली, भावजी."

मी तिथेच पाण्याच्या डबक्यात उभा होतो. हसू येत होतं आणि ते नीट हसू नव्हतं. तिने पर्स काखेत घेतली. मग म्हणाली की पोरीला असं तोंडी सांगून पटणार नाही, तिला कागद लागतो. "ताईची वही मागून उघडा. खरे आकडे तिकडे असतील. मी पण मागेच लिहिते."

वही गाडीतच होती, समोरच्या कप्प्यात. आठ महिने मी ती पुढून उघडत होतो. मागून उघडली तर पेन्सिलीने, मीटरच्या नोंदीसारखे, खाली खाली आकडे. १७.०. १६.८. १७.३. काहींपुढे दोन शब्द. "१५.९. शिड्या." "१६.६. काचा उघड्या टाकून गात होते." एका ठिकाणी, "१४.२. सहा किलोमीटर हँडब्रेक लावूनच आलो. बोलले नाही." मी मुलीला वही तशीच उघडी दिली.

ती लॅबचा रिपोर्ट वाचतात तशी बोट खाली नेत वाचायला लागली. हँडब्रेकपाशी थांबली. माझ्याकडे बघितलं. परत खाली गेली. शेवटच्या ओळीत १७.१ होते, आईच्या अक्षरात. अकरा वर्षांत गाडी एका दाण्याने उतरली नव्हती. ती चढलेलीच नव्हती, तर उतरणार कुठून.

"नॉर्मल," मुलगी म्हणाली.  मग फोन काढून तिने सोमवारच्या माणसाला कळवलं की गाडी विकायची नाही, वडिलांचं मन बदललं. मी म्हणालो की मन नाही, आकडा बदलला असं सांग. ती म्हणाली, गप्प बसा तुम्ही.

परत जाताना ती पुढे बसली. गुडघे डॅशबोर्डला लावून, वही पोटाशी धरून. सीट सरकवली नाही.

साडूला आम्ही कुणी खरं सांगितलं नाही, त्या दिवशी माझा इंजेक्टर तुंबला होता एवढंच सांगितलं. तो महिनाभर रस्त्यात भेटेल त्याला पात्यांबद्दल सांगत होता. मागची सीट परत बसली.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी दुपारी मेहुणीचा फोन आला. "भावजी, खरे किती?" मी सांगितलं, सतरा. ती म्हणाली, "आमचे सोळा पूर्णांक नऊ. या वेळी तुमचा नंबर. मी एकवीस सांगते, तुम्ही बावीसच्या वर जाऊ नका." रविवारी मी चष्मा नाकावर घेतला आणि एकवीस पूर्णांक नऊ म्हणालो. साडूने चहाचा कप तसाच खाली ठेवला, म्हणाला गेले आठ दिवस उलटा वारा होता, आणि टायर बघायला बाहेर गेला.

ते गेल्यावर मी वही मागून उघडली. तिची पेन्सिल वहीतच होती. तिच्या १७.१च्या खाली माझे नऊ महिने मोकळे होते, ते सगळे सतरा-सतरा करून भरले, आणि मग त्याखाली लिहिलं: १७.०. नव्वद नाराज. पुढच्या वेळी त्याला बावीस देऊ.